लघवीची नळी लावलेला पेशंट घरी आलाय? मग आधी हे वाचा

जानेवारीतली गोष्ट. अण्णांना सर्दी झाली, मी मेडिकलमधून सर्दीची गोळी आणून दिली, आणि दुसऱ्या दिवशी रात्री अण्णा दर पाच मिनिटांनी बाथरूमला जाऊन तसेच परत यायला लागले. लघवी होईचना. अडीच वाजता बघितलं तर ओटीपोट नारळासारखं टणक आणि माणूस घामाघूम. दवाखान्यात नेलं, नळी घातली आणि पिशवीत ९०० एमएल लघवी आली. अण्णांनी डोळे मिटून जे हुश्श केलं ते मला अजून ऐकू येतं. नंतर कळलं की सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत असं औषध असतं ज्याने प्रोस्टेट (पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी) वाढलेल्या म्हाताऱ्या माणसाची लघवी अडकू शकते. म्हणजे घरात सत्तरीपुढचा पुरुष असेल आणि त्याला लघवीला जोर लावावा लागत असेल तर सर्दीची गोळी आपल्या मनाने देऊ नका, हे आधीच सांगून टाकतो.

तिसऱ्या दिवशी डिस्चार्ज. नळी तशीच. सूचना काय, तर "पिशवी भरली की ओता, पंधरा दिवसांनी या." बस्स. पुढचा दीड महिना आम्ही चुका करत, घरी येणाऱ्या सिस्टरना विचारत शिकलो, ते सगळं इथे लिहितोय. मी डॉक्टर नाही, नळी घालणं-काढणं हे त्यांचंच काम, पण मधले दिवस तर घरच्यांनाच काढायचे असतात.

कॅथेटर म्हणजे नक्की काय

कॅथेटर म्हणजे शरीरात घालायची मऊ पोकळ नळी, एवढाच अर्थ. सलाईनसाठी हातात जी गुलाबी नाहीतर निळ्या टोपीची सुई लावतात ना, त्यातली सुई काढून घेतात आणि आत राहते ती बारीक नळी, ती पण कॅथेटरच. डायलिसिसवाल्यांच्या मानेत असते ती, अँजिओग्राफीला मनगटातून किंवा मांडीतून हृदयापर्यंत नेतात ती, बाळंतपणात कळा कमी करायला पाठीत घालतात ती, सगळी एकाच खानदानातली. हृदयापर्यंत नळी जाते हे सिद्ध केलं वेर्नर फोर्समान नावाच्या जर्मन डॉक्टरने, १९२९ मध्ये, स्वतःच्याच दंडातल्या शिरेतून ६५ सेंटीमीटर नळी आत सरकवून आणि तशाच अवस्थेत चालत एक्सरे काढायला जाऊन. गंमत म्हणजे त्याने वापरलेली नळी मूत्रमार्गाच्या कामाचीच होती. १९५६ मध्ये त्याला नोबेल मिळालं. असो, आपलं काम लघवीच्या नळीशी.

ती घालायची कारणं ठरलेली आहेत. लघवी अडकली, मोठं ऑपरेशन झालं, आयसीयूमध्ये तासातासाला लघवी मोजायची आहे, खुबा मोडलाय आणि पेशंटला हलवता येत नाही, मणक्याला मार लागून लघवीवरचा ताबा गेलाय, किंवा कमरेची जखम सारखी ओली होऊन भरत नाहीये. "गादी ओली होते, डायपर बदलायचा कंटाळा येतो" हे कारण त्यात बसत नाही. पुष्कळ घरी त्याचसाठी नळी ठेवा म्हणून डॉक्टरच्या मागे लागतात, पण नळी जितके दिवस आत तितका इन्फेक्शनचा धोका जास्त, हे साधं गणित आहे. म्हणून पहिल्याच दिवशी विचारायचं: ही नळी कशासाठी आहे आणि कधी निघणार? उत्तर फाइलवर लिहून घ्या. आम्ही विचारलं नव्हतं.

नळीवर काय लिहिलंय ते बघा

घरी राहते ती बहुतेक फोलीज असते. आत गेलेल्या टोकाशी एक छोटा फुगा असतो, तो पाण्याने फुगवतात, त्यामुळे नळी मूत्राशयातून घसरून बाहेर येत नाही. बाहेरच्या बाजूला दोन फाटे. एकाला पिशवी जोडलेली, दुसऱ्याला रंगीत तोंड, तो फुग्याचा. त्या रंगीत तोंडाला घरच्यांनी हात लावायचा नाही, काही जोडायचं नाही, लहान मुलांना तर अजिबात खेळू द्यायचं नाही, कारण त्यातलं पाणी निघालं की नळीच बाहेर.

त्या फाट्यावर '१६ एफआर' असं काहीतरी छापलेलं असतं. तो आकडा म्हणजे जाडी, तीनाने भागलं की मिलिमीटर, म्हणजे १६ नंबर साधारण सव्वापाच मिलिमीटर जाड. तोंडाचा रंग पण त्यावरूनच ठरतो: १४ हिरवा, १६ केशरी, १८ लाल. शेजारी फुग्यात किती एमएल पाणी मावतं ते लिहिलेलं असतं. या पट्टीचा मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. रात्री नळी बंद पडली आणि दुसऱ्याच दवाखान्यात जावं लागलं तर पहिला प्रश्न हाच येतो की कितव्या नंबरची आहे आणि कधी घातली.

आणखी एक, नळी लॅटेक्सची आहे की सिलिकॉनची ते विचारा. पिवळट रबरी दिसते ती साधारण लॅटेक्स, ती दोन ते चार आठवड्यांत बदलतात. पारदर्शक पूर्ण सिलिकॉनची महाग असते पण बारा आठवड्यांपर्यंत चालू शकते. आम्हाला हे पंधरा दिवसांनी कळलं. तारीख मात्र डॉक्टरनी दिलेलीच पाळायची, कंपनी तीन महिने म्हणते म्हणून तीन महिने ओढायची नाही.

रोजचं काम, सकाळी एकदा आणि शौचानंतर

आधी हात. साबणाने, मनगटापर्यंत, नळीला हात लावायच्या आधी पण आणि नंतर पण. हातमोजे घातले तरी हात धुवायचेच. घरात दहा माणसं भेटायला येतात, कोणीतरी मावशी प्रेमाने पिशवी सरळ करायला जाते, तिला नमस्कार करून थांबवायचं.

मग कोमट पाणी, साधा साबण, स्वच्छ मऊ फडकं. डेटॉल-सॅव्हलॉनची गरज नाही, उलट कातडी सोलवटते. नळी जिथून बाहेर येते तिथून सुरुवात करून बाहेरच्या दिशेने चार बोटं लांबीची नळी पुसत यायचं, उलटं आत जायचं नाही. आणि एका हाताने नळी शरीराजवळ धरून ठेवायची म्हणजे पुसताना ओढ बसत नाही. बाईमाणूस असेल तर समोरून मागे पुसायचं, शौचाच्या जागेकडून पुढे कधीच नाही.

पुरुषांच्या बाबतीत एक गोष्ट लाजून कोणी सांगत नाही म्हणून ठळक सांगतो. पुढची कातडी मागे सारून आतला भाग धुवायचा आणि धुऊन-पुसून झालं की कातडी परत पुढे आणायची. विसरलात तर ती मागेच आवळून बसते, सूज येते, आणि मग घरी कितीही ओढली तरी पुढे येत नाही, तातडीने दवाखाना गाठावा लागतो. आमच्याकडे चौथ्या दिवशी हेच होता होता राहिलं. सकाळी मी धुतलं, तेवढ्यात दूधवाला आला, दुपारी अण्णा म्हणाले "जरा ठणकतंय", बघतो तर कडेने सूज यायला लागलेली. नशीब लवकर बघितलं, सिस्टरनी दाबून धरून हळूहळू पुढे आणली. त्यानंतर मी अंघोळीच्या साबणाच्या डब्यावर स्केचपेनने 'कातडी' असं लिहून ठेवलं होतं, पाहुण्यांना काय अर्थ लागला असेल देव जाणे.

पावडर, तेल, मलम काही लावायचं नाही. अंघोळ चालते, नळीसकट, बादलीच्या पाण्याने, फक्त पिशवी काढून ठेवायची नाही.

नळी मांडीला चिकटपट्टीने अडकवायची. मायक्रोपोरची पट्टी चालते, मांडीवर केस असतील तर आधी कापा. मूत्रमार्ग आणि पट्टी यांच्यामध्ये नळीला थोडी ढील हवी, पाय लांब केला तरी ताण येऊ नये इतकी. दोन-तीन दिवसांनी मांडी बदलायची.

पिशवी

सगळ्यात महत्त्वाचा नियम, पिशवी नेहमी ओटीपोटाच्या खाली. झोपलेलं असताना, बसलेलं असताना, चालताना, कायम. लघवी उतारानेच वाहते, पिशवी वर गेली की जुनी घाण लघवी परत आत. आणि खाली म्हणजे जमिनीवर पण नाही. खाटेच्या कडेला अडकवायची, फरशीला टेकता कामा नये. आमची खाट लाकडी, हुक अडकायला जागाच नव्हती, मग खाटेच्या पायाशी एक स्वच्छ बादली ठेवून तिच्या काठावर पिशवी लटकवली. झक्कास चाललं दीड महिना.

याच नियमात आम्ही सपाटून मार खाल्ला. डिस्चार्जच्या दिवशी रिक्षातून येताना पिशवी कुठे ठेवायची कळेना, सोबत आलेल्या कर्मचाऱ्याने ती अण्णांच्या मांडीवर ठेवून दिली आणि अण्णांनी वरून शाल पांघरली. पाऊण तासाचा रस्ता, ट्रॅफिक, आणि पिशवीत अर्धी लघवी. दोन दिवसांनी थंडी वाजून ताप. त्यामुळेच आला असं छातीठोक सांगता येणार नाही, पण प्रवासात आता मी कोणालाही सांगतो, निघायच्या आधी पिशवी रिकामी करा, आणि रिक्षात-गाडीत पायाशी, पोटरीच्या बाजूला धरा. जास्त हिंडणारा पेशंट असेल तर पायाला बांधायची छोटी पिशवी मिळते, ती लेंग्याच्या आत बसते. रात्री तिच्याच खालच्या तोटीला मोठी पिशवी जोडायची, म्हणजे वरचा जोड उघडावा लागत नाही.

पिशवी २००० एमएलची असते पण भरेपर्यंत थांबायचं नाही, जड झाली की नळीला ओढ बसते. निम्म्याच्या वर गेली की ओता, नाहीतर दर आठ तासांनी. कसं, तर हात धुवा, फक्त याच कामाचा एक मग ठेवा, तोटी उघडा, तोटीचं तोंड मगाला टेकू देऊ नका, ओतून झालं की स्पिरीटच्या बोळ्याने तोंड पुसा, तोटी घट्ट बंद करा, आणि तो मग धुऊन उन्हात पालथा घाला. किती निघाली ते वहीत लिहा. अण्णांची वही म्हणजे दुधाच्या हिशोबाची वही, डावीकडे दूध, उजवीकडे लघवी, पण डॉक्टरनी ती बघून पहिल्यांदा शाबासकी दिली.

नळी आणि पिशवीचा जोड उगाच उघडायचा नाही. तिथून जंतू शिरतात. पिशवी बदलायची वेळ आली (आमच्या सिस्टरनी साधारण आठवड्याला सांगितलेलं, गळायला लागली किंवा फार घाण झाली तर आधीच) तर नवीन पिशवीची टोपी शेवटच्या क्षणी काढायची आणि जोडाच्या टोकाला बोट लावायचं नाही. लघवीची टेस्ट सांगितली तर पिशवीतली लघवी बाटलीत भरून लॅबला नेऊ नका, ती तासन्‌तास साठलेली असते, रिपोर्टमध्ये जंतूच जंतू येणार. लॅबवाल्याला सांगायचं नळी आहे म्हणून, ते नळीच्या ठरावीक जागेतून ताजी घेतात.

आणि हो, पिशवीला कव्हर शिवा. बायकोने जुन्या उशीच्या अभ्र्याला नाडी घालून शिवलं. भेटायला येणाऱ्यांसमोर पिवळी पिशवी दिसते याचीच अण्णांना सगळ्यात जास्त लाज वाटायची, दुखण्यापेक्षा जास्त. कव्हर झाल्यावर माणूस परत ओसरीवर येऊन बसायला लागला.

पिशवीत लघवी येत नाहीये

घाबरून फोन लावायच्या आधी दोन मिनिटं नळीवरून हात फिरवत जा. पेशंट नळीवर झोपलाय का? कुठे मुडपलीय का? लेंग्याची नाडी नळीवरून बांधलीय का? (आमच्याकडे हे तीनदा.) पिशवी वर राहिलीय का? पाणी किती प्यायलं? शौचाला कधी झालं? बद्धकोष्ठ असेल तर आतून दाब येऊन नळी चालत नाही, हे मला कोणी सांगितलं असतं तर दोन फेऱ्या वाचल्या असत्या.

हे सगळं बघूनही तीन-चार तासांत थेंब नाही आणि ओटीपोट फुगतंय, दुखतंय, तर नळी चोंदलीय, लगेच दवाखाना, सकाळची वाट बघायची नाही. मणक्याला छातीच्या वरच्या भागात मार लागलेला पेशंट असेल तर अजूनच घाई, कारण त्यांना नळी बंद पडल्यावर अचानक डोकं फुटल्यासारखं दुखतं, घाम येतो, बीपी धोकादायक चढतं.

नळीच्या बाजूने लघवी गळते ही दुसरी तक्रार. लोकांना वाटतं नळी बारीक पडली, जाड टाका. तसं नसतं बहुतेक वेळा. एकतर नळी चोंदत आलीय, किंवा बद्धकोष्ठ आहे, किंवा मूत्राशय नळीला वैतागून कळा देतंय. त्या कळा येताना पेशंटला वाटतं लघवीला लागलीय, उठू का, उठू का. त्याला औषध असतं, डॉक्टरना सांगा. अण्णांना समजावावं लागायचं की अहो नळी आहे, तुम्ही जाऊ नका, होतेय आपोआप.

गढूळ लघवी, ताप आणि अँटिबायोटिक

महिनाभर नळी राहिली की जवळजवळ प्रत्येकाच्या लघवीत जंतू सापडतात. त्यामुळे लघवी गढूळ दिसली, वास आला एवढ्यावरून मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून सुरू करू नका. जंतू निर्ढावतात, मग खरंच गरज पडते तेव्हा गोळी लागू होत नाही. पाणी वाढवा. किडनी किंवा हृदयाच्या आजारामुळे डॉक्टरनी पाण्यावर मर्यादा घातली नसेल तर दिवसाला दोन-अडीच लिटर. धण्याचं पाणी, बार्लीचं पाणी द्या हवं तर, पण ते पाणी म्हणूनच, औषध म्हणून नाही.

खरं घाबरायचं ते यांना: थंडी वाजून ताप, १००.४ च्या वर. कमरेत किंवा ओटीपोटात दुखणं. म्हातारा माणूस अचानक बरळायला लागणं किंवा गुंगीत जाणं, ताप नसला तरी. लालभडक लघवी, गाठी. यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी डॉक्टर.

आमच्या गल्लीतल्या एका आजींची पिशवी एके दिवशी चक्क जांभळी झाली. लघवी नाही, पिशवी आणि नळी, जांभळाच्या डागासारखी. घरात रडारड, करणीपर्यंत विषय गेला. प्रकार काय असतो, तर बद्धकोष्ठामुळे आतड्यात अन्नातल्या एका घटकापासून काही द्रव्यं जास्त तयार होतात, ती लघवीत उतरतात आणि लघवीतले काही जंतू त्यांचा निळा-लाल रंग बनवतात, तो प्लास्टिकला बसतो. दिसायला भयंकर, पण बहुतेक वेळा नळी-पिशवी बदलून, पोट साफ ठेवून जातं. डॉक्टरना दाखवायचं मात्र, कारण इन्फेक्शन आहे का ते बघावं लागतं.

पेशंटने झोपेत नळी ओढली तर? फुगा फुगलेला असताना नळी बाहेर आली की आतून फाटतं, रक्त येतं. परत आत सरकवायची नाही, स्वच्छ कापड दाबून धरा आणि निघा. आणि कोणी कितीही शहाणा सांगो, नळी कात्रीने कापून काढायची नाही.

नळीशिवाय काही सोय?

असते, विचारायला हवं. लघवी होते पण कळत नाही अशा पुरुषाला काँडम कॅथेटर, बाहेरून चढवायचं, टोकाशी एक-दोन बोटं जागा सोडून. रोज बदलायचं, कातडी धुऊन कोरडी करायची, आणि निसटतं म्हणून वरून दोरा नाहीतर रबरबँड बांधायचा नाही, कधीच नाही, रक्तपुरवठा थांबतो. लघवी अडकलेल्याला मात्र याचा काही उपयोग नाही.

दुसरी सोय, नळी कायम न ठेवता दिवसातून चार ते सहा वेळा स्वतःच घालून, लघवी काढून, नळी लगेच बाहेर. ऐकून अंगावर काटा येतो, पण १९७२ मध्ये लॅपिडिस या अमेरिकन डॉक्टरांनी दाखवलं की यासाठी ऑपरेशन थिएटरसारखं निर्जंतुक वातावरण लागत नाही, स्वच्छ हात आणि वेळ पाळणं पुरतं. मणक्याच्या आजाराची लहान मुलंसुद्धा शिकतात. तिसरी, ओटीपोटाला छोटं छिद्र करून तिथून नळी, कायमची गरज असेल तेव्हा.

काढायचा दिवस

प्रोस्टेटची गोळी काही दिवस दिल्यावर नळी काढून बघतात, लघवी आपली आपण होते का. काढणं सोपं, फुग्यातलं पाणी सिरिंजने ओढून घेतात, दीर्घ श्वास घ्यायला सांगतात आणि नळी बाहेर. सकाळीच काढायला सांगा, म्हणजे नाही झाली तर दिवसाउजेडी परत जाता येतं. काढल्यावर एकदम लिटरभर पाणी पाजू नका, नेहमीसारखं थोडं थोडं. चार-सहा तासांत व्हायला हवी. एखाद-दोन दिवस जळजळ चालते. 'झाली' म्हणजे सुटलो असं नाही, सोनोग्राफीत बघतात आत किती उरली.

अण्णांची पहिली खेप फसली. दुपारी दोनपर्यंत वाट बघितली, पोट परत टणक, परत नळी, यावेळी सिलिकॉनची. अण्णा दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. फसते पहिल्यांदा पुष्कळांची, हे पेशंटला आधीच सांगून ठेवा. महिन्याने परत काढली. साडेअकराला बाथरूममधून हाक आली, मी मग घेऊन धावलो, १८० एमएल. वहीत उजव्या रकान्यात अण्णांनी स्वतःच्या हाताने लिहिलं, आणि खाली दोन रेघा मारल्या.